छबू उमरेडला होती तेव्हा

तांडापेठ, नागपूर
१० फेब्रुवारी १९७५

तीर्थरूप बाईंना पुष्पाचा नमस्कार.

माझं पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. छबूच्या बारशाच्या दिवशी तुम्ही संध्याकाळच्या गाडीनं उमरेडला निघून गेलात, त्याला आता अकरा महिने होतील. एवढ्या दिवसांत मी दोन ओळी लिहिल्या नाहीत. आज लिहिते आहे ती माझ्या गरजेपोटी, हे आधीच सांगून टाकते.

दिवाळीपासून माझ्या डाव्या छातीत गाठ होती. छबू अंगावर पिते, दूध साकळलं असेल, असं समजून मी गरम कपड्यानं शेकत राहिले. संक्रांतीला शेजारच्या इंदूबाईंना सहज बोलले, तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी मला रिक्षात घालून मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी तुमच्या भावाला एकट्यालाच बाजूला घेऊन सांगितलं, पण मी दाराशीच उभी होते. ती बाजू काढून टाकायची आहे, मग महिना-दीड महिना विजेचा शेक, त्यानंतर औषधं. छबूला लगेच अंगावरून तोडा म्हणाले.

निर्मला सहा वर्षांची आहे, शाळेत जाते, तिच्याकडे इंदूबाई बघतील. पण छबूला कोण बघेल? तुमचे भाऊ मागावरून उठले तर चूल पेटत नाही, आणि मागावर बसले तर पोर रडून रडून निळी पडते.

बारशाला छबूला मांडीवर घेऊन तुम्ही म्हणालात, "पुष्पा, तुले दोन झाल्या. ही मले दे वं." आणि मी बायकांच्या देखत म्हणाले, "पोरी काय बाजारात भेटतात का, मागाले?" तुमचा चेहरा मला आजही दिसतो. लग्नाला तेरा वर्षं झालेल्या, घरात पाळणा न हललेल्या बाईला मी ते बोलले. बोललेलं परत घेता येत नाही. तरी छबूला ज्याच्या हातात देऊन मी निवांत ऑपरेशनला जाईन असं तुमच्याशिवाय दुसरं माणूस मला आठवत नाही.

तिला न्याल का?

तुमची,
पुष्पा


उमरेड
१४ फेब्रुवारी १९७५

चि. सौ. पुष्पास मैनाचा आशीर्वाद.

पत्र भेटलं. मी येत्या सोमवारी सकाळच्या गाडीनं येऊन राहिली. छबूचे कपडे बांधून ठेवजो.

बारशाचं मी विसरली असं लिहिलं त खोटं होईल. लागलंच होतं मले. इतवारी स्टेशनावर पोहोचेपर्यंत तुले मनात काय काय म्हटलं, ते सांगत नाही. पण तुझं पत्र आलं तशी मले दुसरीच गोष्ट आठवली. तुझं लग्न झालं तवा मी महिनाभर माहेरी राहिली होती. चौथा का पाचवा दिवस असेल. बाबानं सकाळीच गल्लीत ताण्याचे लांब धागे पसरून खळीच्या पाजणीले घेतले होते, आणि तू नवी नवरी, डोक्यावर पदर, कमरेवर घागर, सरळ त्या ताण्यातूनच चालत गेली! चाळीस-पन्नास धागे तुटले. बाबा असा ओरडला का गल्लीतले सारे माग बंद झाले.  मी म्हटलं, माझाच पाय लागला बाबा. मंग आपण दोघी दुपारपर्यंत उन्हात बसून धागे जोडत होतो, आणि तू मले विचारलं, "बाई, तुम्ही काहून खोटं बोलल्या?" मी दुसरा तुटका धागा तुझ्या हाती देला. 

घाबरू नको. बरी झाली का आपली पोट्टी घेऊन जाजो.

मैना


उमरेड
२३ मार्च १९७५

चि. सौ. पुष्पास आशीर्वाद.

ऑपरेशन झालं असं ईश्वरचं कार्ड भेटलं. तू शुद्धीवर आल्यावर पहिले छबूचं विचारलं, असं त्यानं लिहिलं, म्हणून तिचंच सारं लिहिते.

पहिले तीन दिवस तिनं मले नाही नाही ते दाखवलं. वाटी तोंडाशी नेली का हातानं उडवून देत होती. मंग यांनी शेजारून बकरीचं दूध आणलं, आणि मी चमच्यानं थेंब थेंब घातलं. चौथ्या दिवशी अर्धी वाटी पेली. आता पूर्ण पेते, आणि वरून माझी भाकर ओढते.

तिले मागाचा आवाज पाहिजे. हे मागावर बसले का ती चूप. माग थांबला का रडणं सुरू. हे म्हणतात, "ही ईश्वरची पोरगी नाही, मुकादम हाय. मले उठूच देत नाही." त्या नादात त्यांचं लुगडं दोन दिवस आधीच इनून मागावरून उतरलं.

परवा ती खांबाले धरून उभी राहिली आणि हात सोडून दोन पावलं चालली. मंग बसली धपकन आणि आपल्याच करामतीवर हसली. तुले दाखवता आलं असतं त किती चांगलं झालं असतं. तुझ्या वाटचं मी पाहून घेतलं, असं समज.

तुझी तब्येत खरी खरी लिहिजो.

मैना


तांडापेठ, नागपूर
२८ एप्रिल १९७५

तीर्थरूप बाईंना नमस्कार.

दोन पावलांचं तुम्ही लिहिलंत ते मी वॉर्डात बाजूच्या खाटेवरच्या रंभाबाईंना वाचून दाखवलं. सावनेरजवळच्या आहेत, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, दुखणं तेच. आता आम्हा दोघींना बरोबरच शेक सुरू आहे. एका मोठ्या यंत्राखाली एकटीला निजवतात आणि सगळे बाहेर जाऊन जाड दार लावून घेतात. रंभाबाई मला म्हणतात, "आपल्याले काही होत नाही म्हणतात, मंग हे सारे काहून पळतात वं?" आम्ही इतक्या हसलो की माझे टाके दुखले. शेकलेली कातडी करपलेल्या पोळीसारखी झाली आहे, पण तीही उतरेल म्हणतात.

खरं लिहा म्हणालात म्हणून लिहिते. आरशासमोर मी अजून उभी राहिलेले नाही. डावा हात खांद्याच्या वर जात नाही आणि संध्याकाळी सुजतो. उजव्या हातानं रहाट फिरवता येतो, पण डाव्याच्या बोटांतून धागा सुटतो, त्यामुळे विणायला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरणं बंद आहे. आता तुमचे भाऊ स्वतःच कांड्या भरतात, स्वतःच विणतात, आणि महिन्याला निम्मीच लुगडी होतात. दवाखाना सरकारी आहे, खाटेला पैसे पडत नाहीत. पण बाहेरून आणायची इंजेक्शनं, रोजची रिक्षा, दूध, फळं.

तुम्हाला लिहू नको म्हणून त्यांनी बजावलं आहे, तरी लिहिते. बाबा गेल्यावर जपलेला त्यांचा माग विकला. गेल्या बुधवारी मोमिनपुऱ्यातल्या एका कारागिरानं नेला. तुमच्या भावानं स्वतः एकेक लाकूड सुटं करून हातगाडीवर चढवलं, गाडी चौकापर्यंत ढकलायला गेले, आणि परत येऊन आपल्या मागावर बसले. बसले, पण पाय हलले नाहीत. जमिनीतला मागाचा खड्डा मात्र तसाच राहिला आहे. निर्मला त्यात भातुकली मांडते.

तुमचं माहेर माझ्या दुखण्यापायी लाकडालाकडानं चाललं आहे, बाई.

पुष्पा


उमरेड
६ मे १९७५

चि. सौ. पुष्पास आशीर्वाद.

बाबाच्या मागाचं वाचून रडली. खोटं काहून बोलू? पण तुझा राग नाही आला.

तुले एक गोष्ट सांगते, ईश्वरलेही माहीत नाही. बाया मागावर बसत नव्हत्या, पण माझं लग्न ठरलं तवा बाबानं मले बोलावलं आणि म्हणाला, "मैने, तुझ्या लुगड्याचा पदर तूच इन." आई बाजारात गेली होती. मी खड्ड्यात पाय सोडून बसली, बाबा बाजूले उभा. धोटा माझ्या हातातून दोनदा पडला. एक वीतभर इनलं असेल, तेवढ्यात आई आली आणि मी उडी मारून बाहेर. त्या वीतभरात तीन चुका हायत. लुगडं केव्हाच फाटलं, तो पदर मी कापून ठेवला.

हे तुमच्याकडं येऊन राहिले आहेत, यांच्याजवळ माझ्या पाटल्या देल्या. नाही म्हणू नको. बाबानं त्या मागावरच्या लुगड्यांतूनच घडवल्या होत्या. ईश्वर कुरकुर करेल, त त्याले म्हणजो, बाबाचा माग अजून कमावून राहिला हाय.

छबू मजेत हाय. आता बोलते. "दूध" म्हणते, "भू" म्हणते, माग दिसला का "खट्‌ खट्‌" म्हणते. अजून काही काही म्हणते. सारं काय लिहू?

मैना


तांडापेठ, नागपूर
७ सप्टेंबर १९७५

तीर्थरूप बाईंना नमस्कार.

पाटल्यांनी पावसाळा निघाला. औषधं एक दिवस चुकली नाहीत. त्याबद्दल मी आभार मानले तर तुम्ही रागवाल, म्हणून मानत नाही.

काल मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक गेली. तुम्हाला आठवतं ना, पोळ्याच्या पाडव्याला आपण ओट्यावर उभ्या राहून बघायचो, आणि गर्दीत तुमची चप्पल गेली होती? या वर्षी मी इंदूबाईंच्या खांद्याला धरून उभी होते. पिवळी मारबत वळणावर आली, पोरं ओरडत होती, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" एकाएकी इंदूबाई दोन्ही हात वर करून ओरडल्या, "पुष्पाचा कॅन्सर घेऊन जा गे मारबत!" पुढची माणसं वळून बघू लागली, काही हसली. मग एका पोरानं तेच उचललं, दुसऱ्यानं उचललं, आणि सगळी गल्ली माझ्या नावानं ओरडू लागली. अर्ध्यांना पुष्पा कोण हेही माहीत नव्हतं. मी पदरात तोंड घालून घरात पळाले. हसत होते की रडत होते, मलाच कळलं नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. रंभाबाई गेल्या. त्यांचे मालक तपासणीच्या दिवशी दवाखान्यात भेटले, कागद परत करायला आले होते. रंभाबाईंच्या काखेत नवी गाठ आली होती, त्यानंतर दोन महिने काढले म्हणाले. बाई, माझ्याही काखेत गाठ आली आहे. डॉक्टर म्हणतात काढून तपासू, आधीच घाबरू नका. पण रंभाबाईंनाही असंच म्हणाले असतील.

तुम्ही बारशाला छबू मागितली होती. आज मी ती तुम्हाला देते. तुमच्या भावाला विचारलं. ते माग थांबवून ओट्यावर जाऊन बसले. मग आत येऊन एवढंच म्हणाले, "तुले पटते त लिही."

तिला माझं नाव सांगू नका. मी आता उमरेडला येणार नाही. ती मला ओळखायला लागली आणि मग मी गेले, तर त्या जिवाची आई दोनदा जाईल. निर्मलाला सगळं आठवणारच आहे. छबूला तरी काही आठवू नये.

पुष्पा


उमरेड
१५ सप्टेंबर १९७५

चि. सौ. पुष्पास आशीर्वाद.

पत्र भेटलं. बरं.

छबू खेळून राहिली.

मैना


तांडापेठ, नागपूर
२ मार्च १९७६

तीर्थरूप बाईंना नमस्कार.

गेल्या शुक्रवारी न कळवता आले, त्याची माफी असावी. दिवाळीच्या आधी यांनी कार्ड टाकलं होतं, की काखेतली गाठ काढली आणि ती साधी निघाली, कॅन्सर नाही. तुमचं उत्तर आलं नाही, म्हणजे ते पोचलंच नसावं. त्यानंतर मी लिहिलं नाही, कारण मी शब्द दिला होता. पण त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी औषधं बंद केली. आता फक्त सहा महिन्यांनी दाखवायला जायचं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरले, इतवारीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले, आणि स्टेशनावर पोचल्यावर कळलं की मी घरी निघालेली नाही. यांना शेजारच्या दुकानातून निरोप पाठवला आणि गाडीत चढले.

तुमच्या अंगणात शिरले तेव्हा छबू मुरमुऱ्याची वाटी घेऊन बसली होती. किती केस आलेत तिला! मी लांबच उभी राहिले. तुम्ही बाहेर आलात आणि तिला म्हणालात, "मामी आली, पाया पड." ती उठली, वाकली, तोल जाऊन माझ्या पायावरच पडली. मग एक मुरमुरा माझ्यासमोर धरून म्हणाली, "मामी, घे."

खरंच तर होतं. तुमच्या लेकीची मी मामीच लागते.

मी तो मुरमुरा खाल्ला. भाऊजींनी जेवायला थांबवलं, जेवले. तुम्ही वाढत होतात पण माझ्याकडे बघत नव्हतात. निघताना तिनं माझा पदर धरला नाही, तुमच्या मागे लपून हात हलवला.

मी काही मागायला आले नव्हते, बाई. फक्त बघायचं होतं. बघितलं. गुटगुटीत आहे, तुमच्यासारखीच मान तिरकी करून बोलते. एवढंच कळवायला हे पत्र लिहिलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

पुष्पा


उमरेड
११ मार्च १९७६

चि. सौ. पुष्पास आशीर्वाद.

तुझं पत्र आठ दिवस उशाखाली हाय. आज लिहाले बसली आहे त सारंच लिहिते.

मागच्या मे महिन्यात मी तुले लिहिलं होतं, छबू अजून काही काही म्हणते. ती मले "आई" म्हणत होती. मी तिले तसं शिकवलं नव्हतं, तिचं तीच म्हणाली. पण मी तिले "आत्या म्हण" असंही सांगितलं नाही.

मंग तुझं पत्र आलं, ही तुम्हाले देते म्हणून. पुष्पा, तू मरणाची गोष्ट लिहिली होती, आणि मले पहिले रडू नाही आलं. मी उठली आणि छबूची दृष्ट काढली. आधी ते केलं. रडू नंतर आलं, संध्याकाळी. तुले काय लिहावं ते सुचेना म्हणून "बरं" लिहिलं.

ईश्वरचं कार्ड दिवाळीत पोचलं होतं. गाठ साधी निघाली, हे वाचून मले बरं वाटलं, देवाशपथ वाटलं. पण ते कार्ड मी तांदळाच्या डब्यात खाली घालून ठेवलं. यांनाही दाखवलं नाही. वाटलं, तू घ्याले येशील. रोज गाडीच्या वेळेले मी दाराशी येऊन रस्त्याकडे पाहत होती. तू येशील हे ठाऊकच होतं, म्हणून संक्रांतीपासूनच मी तिले तुमचा लग्नातला फोटो दाखवून शिकवलं, हा मामा, ही मामी. तू आली त्या दिवशी ती धडा म्हटल्यासारखी बोलली. तू मुरमुरा खाल्ला तवा माझ्यानं तुझ्याकडे पाहणं झालं नाही.

परवा यांनी तांदूळ काढाले डबा उलटा केला. कार्ड वाचलं, माझ्या ताटाजवळ आणून ठेवलं, आणि न जेवता उठून गेले.  

मी पाडव्याच्या आधीच्या रविवारी तिले घेऊन येऊन राहिली. एकदम सोडणार नाही, पोट्टी घाबरेल. ती रमेपर्यंत राहीन. ती रमली का मले जाऊ देजो. "थांबा" म्हणू नको पुष्पा, नाही त मी थांबेन.

मैना


तांडापेठ, नागपूर
१६ मे १९७६

तीर्थरूप बाईंना नमस्कार.

तुम्ही आमच्याकडे तेवीस दिवस राहिलात. त्या तेवीस दिवसांत घर कसं भरलं होतं! निर्मलाला तुम्ही गोळाभात करून घातलात तो ती अजून मागते. आणि आपण दोघी ओट्यावर बसून कांड्या भरत होतो, मी रहाट फिरवायची आणि तुम्ही धागा धरायच्या, तेव्हा तुमचे भाऊ मागावरून म्हणाले, "आता बाबा पाहिजे होता." किती दिवसांनी त्यांच्या तोंडून असं काही निघालं.

तुम्ही दुपारी, ती झोपली असताना गेलात. ते बरं केलंत की वाईट, मला अजून ठरवता येत नाही. उठल्यावर तिनं सगळं घर शोधलं. मागाच्या रिकाम्या खड्ड्यात वाकून बघितलं. मग दाराशी बसली. मी जवळ गेले की म्हणायची, "मामी, आई कुठं गेली?" तीन आठवडे तेच. मी रोज सांगायची, उमरेडला गेली, येईल. ती घास तोंडात ठेवायची आणि गिळायची नाही. तुम्हाला लिहायला दोनदा कागद घेतला आणि ठेवून दिला. लिहिलं असतं तर तुम्ही आला असतात.

मग गेल्या मंगळवारी तिला ताप भरला. उन्हाचा होता, पण अंग तव्यासारखं. मी ओल्या फडक्यानं पुसत होते. ती डोळे मिटूनच "आई, आई" करत होती. ती हाक मला नव्हती, हे कळत होतं मला. तरी मी "ओ" दिली. दर वेळी दिली. शेवटी तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पुष्कळ वेळ बघितलं. मला वाटलं, आता "मामी" म्हणेल.  ती माझ्या अंगावर चढली आणि डाव्या बाजूला, जिथं आता काही नाही, तिथंच डोकं ठेवून झोपली.

बाई, त्या बाजूला मी वर्षभर स्वतःचा हातसुद्धा लावला नव्हता.

ताप उतरला. आता मला आई म्हणते. तुम्हालाही आईच म्हणते. "कोणती आई?" असं इंदूबाईंनी विचारलं, तर त्यांच्याकडे अशी बघते, जणू त्यांनाच काही कळत नाही. मी तिला सुधारणार नाही. आत्या म्हण, असं या घरात तिला कुणी शिकवणार नाही.

तुमच्या भावाला मिलमध्ये बदलीवर काम मिळालं आहे. उरलेला माग सकाळी ते चालवतात, दुपारी मिल. माझा हात आता थोडा धागा धरतो, रोज आठ-दहा कांड्या होतात. चाललं आहे.

पुढच्या महिन्यात या. मी "थांबा" म्हणणार आहे, आधीच सांगते.

पुष्पा


उमरेड
२१ मे १९८६

चि. सौ. पुष्पास आशीर्वाद.

छबू सुखरूप पोचली. बारा वर्षांची पोट्टी एकटी गाडीनं आली आणि उतरताना मलेच म्हणते, "आई, पिशवी दे, तुझी कंबर दुखते." डॉक्टरनं तुले या वर्षीही चांगलं सांगितलं, हे तिनं आल्या आल्या सांगितलं. अकरा वर्षं झाली वं पुष्पा. तेवढी वर्षं माझ्या ध्यानातच येत नाहीत.

इथं आता आमच्या गल्लीत तीनच माग उरले. पोरं कोळसा खाणीत जाऊन राहिली, त्यांना महिन्याचा पगार भेटते, मी नाव ठेवत नाही. पण सकाळी उठली का कान खटखट शोधतात. हे अजून बसतात मागावर, दोन तास. छबू येते तवा चार तास. ती जवळ बसली का त्यांचे गुडघे दुखत नाहीत म्हणतात.

तुले लिहायचं होतं ते हे. निर्मलानं तिले काही सांगितलं असेल, का छबू, तू लहानपणी उमरेडले होती आणि मंग तुले नागपूरले आणलं. काल मी तिची वेणी घालून राहिली होती. पाठमोरी होती माझ्याकडे. म्हणाली, "आई, एक विचारू? तू मले वापस काहून देलं?"

 मी म्हटलं, "देलं नाही वं. तुझ्या आईजवळ पोहोचवून आली होती."

तिनं मांडीवरची रिबीन बोटाले गुंडाळली. मंग म्हणते, "मंग जाताना मले उठवलं काहून नाही?"

पुष्पा, दहा वर्षांत हे मले कोणीच विचारलं नव्हतं. तू नाही, ईश्वरनं नाही, यांनी नाही. मी म्हटलं, "उठवलं असतं, त मी गेलीच नसती."

ती वळली नाही. रिबीन मागे माझ्या हातात देली आणि म्हणाली, "घट्ट बांध."

पुढच्या रविवारी तुमच्याकडं येऊन राहिली ती. या वेळेस मी संग येते. निघायच्या दिवशी पहाटे मले उठवाले तिलेच सांगून ठेवलं आहे.

मैना